रोबो घेण्याआधी मळकं पाणी कोण ओतणार ते ठरवा

फोन करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, केर काढून लादीही पुसेल असा चांगला रोबो कुठला?" मी कंपनीचं नाव घेत नाही. विचारतो, "घरात मोजायची टेप आहे? शिंप्याची असली तरी चालेल." समोरचा गोंधळतो. त्याला वाटतं, हा माणूस रोबोचं सोडून पडद्याचं माप घ्यायला निघालाय.

मी ही यंत्रं विकत नाही. घरी जाऊन जोडून देतो, चालवायला शिकवतो आणि बंद पडली की स्क्रू काढून आत बघतो. राहायला भांडुपला, कामं मुलुंडपासून पार्ल्यापर्यंत आणि खाली लालबाग-परळपर्यंत. पाठीवरच्या बॅगेत स्क्रूड्रायव्हर, जुना टूथब्रश, ब्लेड आणि टेप. यातली टेपच जास्त बाहेर येते. दुकानात सगळे रोबो झकास चालतात, कारण तिथे दिवाण नसतो, उंबरठा नसतो आणि कोपऱ्यात पाण्याचं पिंप नसतं.

'स्वतःच स्वतःला साफ करतो' असं जाहिरातीत म्हणतात, तेव्हा प्रत्यक्षात काय होतं ते आधी बघू. रोबो फिरून परत आपल्या स्टेशनवर येतो. स्टेशन त्याच्या पोटातला कचरा जोरात ओढून एका पिशवीत भरतं. मग एका टाकीतलं स्वच्छ पाणी सोडून त्याचं फडकं घासून धुतं, मळकं पाणी दुसऱ्या टाकीत खेचतं आणि शेवटी गरम हवेने फडकं वाळवतं. एवढं सगळं आपोआप. पण पिशवी बदलणं, मळकी टाकी ओतणं, स्वच्छ टाकी भरणं आणि स्टेशनचा तळ घासणं ही कामं माणसाचीच. तुमचं वाकणं वाचतं. हात ओले व्हायचे काही थांबत नाहीत.

म्हणून घरातल्या सगळ्यांना एकदा समोर बसवा आणि विचारा, मळकं पाणी कोण ओतणार? एखादं नाव पुढे आलं तर पुढचं वाचा. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, तर स्टेशनवालं महागडं यंत्र घेऊ नका. नुसता केर काढणारं साधं घ्या, नाहीतर मावशींचा पगार वाढवा. दोन्हींत पैसे वाचतील.

टेप घेऊन जमिनीवर बसा

बऱ्याच रोबोंच्या डोक्यावर एक गोल डबी असते. तिच्यात लेझर फिरत असतो, त्याला लायडार म्हणतात. तो चारी बाजूंना किरण फेकून भिंतींचं अंतर मोजतो आणि घराचा नकाशा काढतो. अंधारातही काढतो, दुपारी पडदे ओढून झोपलात तरी काढतो. मला हाच प्रकार पसंत आहे. पण ही डबी धरून रोबोची उंची साधारण साडेनऊ ते साडेदहा सेंटीमीटर भरते. डबी नसलेले रोबो आठ सेंटीमीटरच्या आसपास असतात, आणि काही नवे महागडे रोबो फर्निचरखाली शिरताना डबी आत ओढून घेतात.

आता सोफा, दिवाण, शोकेस, गोदरेजचं कपाट, सगळ्यांखाली टेप उभी धरा. सोफ्याच्या पुढच्या लाकडी पट्टीपाशी मोजून उठू नका. आतल्या बाजूला कापड सुटून लोंबत असतं, हात घालून तिथलं माप घ्या. यंत्राच्या उंचीपेक्षा किमान एक सेंटीमीटर जास्त हवं. बरोबर तेवढंच असेल तर रोबो आत जातो आणि बाहेर येत नाही. मग रात्री अकराला मला फोन येतो की दादा, तो सोफ्याखालून ओरडतोय. एका सेंटीमीटरसाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजून बुटका रोबो घेण्यापेक्षा सुताराकडून सोफ्याच्या पायांखाली लाकडी गुटके मारून घ्या. चहापाण्यासकट काम स्वस्तात होतं.

बॉक्स बेड जमिनीला टेकलेला असेल त्यांना ही चिंता नाही. पण मग तेवढी जमीन वजा झाली. साडेतीनशे चौरस फूट कार्पेट एरियातून बेड, कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि देव्हाऱ्याचं टेबल काढून टाका आणि उरलेल्या लादीकडे बघा. हॉलमधल्या मधल्या चौकोनाएवढीच जागा उरत असेल, तर त्याला रोबो कशाला? साधा उभा दांड्याचा मॉप आणि दहा मिनिटं.

रोबोचा व्यास साधारण पस्तीस सेंटीमीटर असतो. डायनिंगच्या खुर्च्यांच्या पायांमधलं अंतर चाळीसच्या खाली असेल तर तो आत शिरायला बघतो, अडखळतो, फिरून परत शिरायला बघतो. खुर्च्या टेबलावर उलट्या टाकायची तयारी आहे का, ते आत्ताच ठरवा.

मग उंबरठे. स्वयंपाकघराच्या दारातली मार्बलची पट्टी बहुतेक रोबो ओलांडतात. साधारण दोन सेंटीमीटरपर्यंत त्यांना जमतं. चाकं उचलून याहून उंच चढणारे नवे रोबो आलेत, पण त्यांची किंमतही तशीच चढी. गॅलरीच्या सरकत्या दाराचं अॅल्युमिनियमचं ट्रॅक मात्र पट्टीपेक्षा वाईट. दोन-तीन उभ्या कडा असतात, चाक त्यांच्या मधल्या खाचेत बसतं. गॅलरी हवीच असेल तर ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना रबरी उतार चिकटवता येतो. बाथरूमचा उंबरठा उंच असतो ते बरंच आहे. रोबो तिथे जाऊच नये.

जुन्या इमारतींसाठी एक खास सूचना. रोबोच्या पोटाखाली चार-सहा छोटे सेन्सर असतात. ते खाली प्रकाश सोडतात आणि तो परत आला नाही की जिना आला असं समजून यंत्र मागे फिरतं. काळा रंग प्रकाश गिळतो. त्यामुळे दारात काळा कडप्पा किंवा काळं ग्रॅनाइट बसवलेलं असेल, तर काही रोबो तिथे कडा आहे असं समजून थांबतात आणि आतली खोली कोरडीच राहते. असं घर असेल तर दुकानदाराला आधी विचारा, आणि परत करायची मुदत आहे ना ते बघून मगच घ्या. सेन्सरवर पट्टी चिकटवायचा उपाय लोक सांगतात. घरात एकही पायरी नसेल तरी तो मला पटत नाही, कारण उद्या कुणी दार उघडं टाकलं तर बाहेर जिना असतोच.

जमिनीपर्यंतचा आरसा हीसुद्धा गंमतच. लेझरला आरशातली खोली खरी वाटते आणि नकाशात तुमच्या वन बीएचकेचा टू बीएचके होतो. मुंबईत असा फुकटचा एरिया कुणाला नको असतो! पण रोबो आरशाला धडका देत बसतो. रोबो चालवायचं जे ॲप मोबाइलवर येतं, त्यातल्या नकाशात तिथे रेघ ओढून टाकली की प्रश्न सुटतो.

पार्ल्याच्या एका आजींनी मला विचारलं होतं, "अरे, मी रोज दारात रांगोळी काढते. हा खाईल का ती?"

"खाईल आजी. आणि उरलेली ओल्या फडक्याने हॉलभर फासेल."

"मग घेऊन जा हा परत."

परत नेला नाही. दारासमोर ॲपमध्ये मनाईचा चौकोन आखून दिला. देव्हाऱ्यापुढे, मांजरीच्या वाटीभोवती आणि झुरळांसाठी ओढलेल्या खडूच्या रेघेवरही असाच चौकोन आखावा. तो खडू विषारी असतो, फडक्याने सगळीकडे पसरायला नको. घेण्याआधी एवढं खात्रीने विचारा की ॲपमध्ये असे चौकोन आखता येतात का, आणि केर काढायला परवानगी पण पुसायला मनाई असं वेगवेगळं ठरवता येतं का. सतरंजी अंथरून ठेवणाऱ्यांना हे दुसरं फार लागतं.

स्टेशन कुठे ठेवणार

रोबो दिवाणाखाली लपतो. स्टेशन कुठेच लपत नाही. फडकी धुणारं पूर्ण स्टेशन साधारण चाळीस सेंटीमीटर रुंद आणि पंचेचाळीस-पन्नास सेंटीमीटर उंच असतं. वर टाकीचं झाकण उघडायला जागा लागते, आणि समोर एक-दीड मीटर मोकळं हवं, म्हणजे रोबो सरळ येऊन लागतो. पेपर पसरा, त्यावर स्टेशनच्या मापाचा चौकोन आखा आणि एक दिवस तो तिथेच राहू द्या. त्या पेपरवर कुणी चपला ठेवल्या, कुणी शाळेचं दप्तर टाकलं, तर ती जागा स्टेशनची नाही.

बरेच लोक म्हणतात, गॅलरीत ठेवू. बंद, काच लावलेली कोरडी गॅलरी असेल तर ठीक. उघडी असेल तर नाही. पावसाची झड आत येते, आणि दुपारचं ऊन थेट स्टेशनवर पडलं की रोबोला परत यायची वाट दाखवणारे अदृश्य किरण उन्हात हरवतात. तो स्टेशनसमोर येऊन डुलत राहतो. वॉशिंग मशीनशेजारी, ड्राय बाल्कनीत जागा असेल तर ती उत्तम. नळ जवळ, मोरी जवळ, ओतणं सोपं. काही महाग स्टेशनना थेट नळाची आणि ड्रेनेजची जोडणी करता येते, म्हणजे ओतायचा वादच मिटतो. पण तेव्हा आधी प्लंबरला दाखवा. गच्चीच्या टाकीच्या लगेच खालच्या, म्हणजे इमारतीच्या सगळ्यात वरच्या एक-दोन मजल्यांना पाण्याचा दाब कमी मिळतो, तेवढ्यावर ती जोडणी चालेल का हे माहितीपत्रकात किमान दाब किती लिहिलाय त्यावर ठरतं.

प्लग भिंतीतल्या बोर्डात लावा. पाणी गरम करणारं स्टेशन त्या वेळात बरीच वीज ओढतं. मिक्सर, राउटर आणि मोबाइलचे चार्जर ज्या एक्स्टेन्शनला लटकलेत, त्यावर हेही नको.

फडक्याचे प्रकार

इथेच पैशाचा खरा फरक पडतो, म्हणून जरा थांबून वाचा.

सगळ्यात स्वस्त प्रकारात रोबोच्या मागे एक सपाट फडकं चिकटवलेलं असतं आणि छोट्या टाकीतून त्यावर पाणी झिरपतं. हा पुसत नाही, ओलं फडकं ओढत नेतो. रोज फिरवला तर धूळ बसत नाही इतपत उपयोग. पण हॉलमध्ये घेतलेली घाण तेच फडकं बेडरूमपर्यंत नेतं, आणि शेवटी ते तुम्हालाच काढून धुवावं लागतं. यात स्वयंसफाई नावाचं काही नाही, जरी खोक्यावर कचऱ्याच्या पिशवीचं चित्र काढून तसा भास केलेला असला तरी. खोक्यावर स्टेशन दिसलं की विचारा, हे नुसता कचरा ओढतं की फडकंही धुतं? दुकानात हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि किमतीत दुपटीचा फरक असू शकतो.

दुसरा प्रकार दोन गोल फिरत्या फडक्यांचा. ती जमिनीवर दाबून फिरतात, मध्येच स्टेशनवर येऊन धुऊन घेतात आणि पुन्हा कामाला लागतात. मुंबईच्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर हे छान चालतात. चहाचा सुकलेला ठिपका दोन फेऱ्यांत जातो. दोष म्हणजे गोल फडकं कोपऱ्यात पोचत नाही; म्हणून काही यंत्रांत उजवीकडचं फडकं हातासारखं बाहेर सरकतं आणि भिंतीची कड पुसतं. मला वाटतं, यासाठी थोडे पैसे जास्त द्यावेत. आपल्याकडे मळ कडेलाच धरतो, भिंतीलगतच्या स्कर्टिंगखाली.

तिसरा प्रकार रोलरचा. आडवा कापडी रोलर फिरतो, त्यावर सतत स्वच्छ पाणी पडतं आणि एक पट्टी मळकं पाणी निपटून रोबोच्या पोटातल्या वेगळ्या टाकीत टाकते. म्हणजे लादीला लागतं ते कापड प्रत्येक फेऱ्यात धुतलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या तेलकट थरावर, मच्छी साफ केल्यावर उडालेल्या पाण्यावर हा मला उजवा वाटतो. पण यात टाक्या जास्त, पट्ट्या जास्त, म्हणजे धुवायच्या जागाही जास्त. रोज थोडं लक्ष देणारं माणूस घरात असेल तरच घ्या.

फडकं गरम पाण्याने धुणारं स्टेशन घ्यावं का? तुमच्या घरी तळण होत असेल तर घ्यावं. थंड पाण्याने तेल निघत नाही, फडकं चिकट होतं आणि मग लादीवर ढगासारखे डाग उमटतात. मात्र बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांनी जपावं. पालिकेचं पाणी तलावांचं, त्याचा त्रास नाही. बोअरच्या जड पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच स्टेशनच्या हीटरवरही चढतो.

आणि टाकीत फिनेल घालू नका. हे मी प्रत्येक घरी दोनदा सांगतो, तरी कुणीतरी घालतंच, "वासाशिवाय पुसल्यासारखं वाटत नाही" म्हणून. त्याने रबरी नळ्या आणि वॉशर खराब होतात. साबणाचं पाणी घातलं तर मळक्या टाकीत फेस होतो, फेस वरच्या सेन्सरला लागतो आणि टाकी अर्धी रिकामी असताना यंत्र 'टाकी भरली' म्हणून थांबतं. कंपनीचं द्रव नसेल तर साधं पाणी पुरे.

जुलै महिन्याची परीक्षा

जाहिराती कोरड्या हवेत काढलेल्या असतात. मुंबईत जून ते सप्टेंबर हवाच ओली, त्यात हे यंत्र पाण्याचं. गोरेगावच्या एका घरून ऐन जुलैत तक्रार आली की रोबो पुसून गेला की घरभर कुबट वास येतो. मी स्टेशनची मळकी टाकी उचलली. तळाशी काळसर साय, वर तरंगणारे केस. टाकी बाजूला ठेवून खालचा तळ बाहेर ओढला. त्याच्या खाचांमध्ये राखाडी बुळबुळीत थर होता, टूथब्रशने खरवडला तर लांब दोरीसारखा निघाला. जाळीत एक मूग अडकला होता आणि त्याला मोड आला होता. बाई बघत होत्या. म्हणाल्या, "पण हा तर स्वतःच साफ होतो ना?" फडकं धुतलं जात होतं, वाळतही होतं. ज्या तळावर धुतलं जायचं तो मात्र आणल्यापासून कुणी पाहिलाच नव्हता.

यातून खरेदीसाठी घ्यायची गोष्ट अशी. दुकानात स्टेशनचा तळ स्वतःच्या हाताने काढून बघा. एका ओढीत, स्क्रूशिवाय बाहेर यायला हवा. काही स्टेशनमध्ये तो पक्का बसवलेला असतो आणि आत हात घालून, ओणवं होऊन घासावा लागतो. कंबरदुखी म्हणून रोबो घेणाऱ्याने असं स्टेशन घेतलं तर काय साधलं? मळक्या टाकीचं तोंड बघा. तुमचा पंजा आत जाईल एवढं रुंद असावं. गरम हवेने वाळवायची सोय तर आपल्याकडे हवीच. वाळवायला दोन-चार तास लागतात, घुंई असा आवाज येत राहतो, म्हणून स्टेशन झोपायच्या खोलीत नको.

पावसाळ्यात मळकी टाकी रोज ओता, भरलेली नसली तरी. तळ आठवड्याला घासा. कचऱ्याची पिशवी अडीच-तीन लिटरची असते आणि दोन-अडीच महिने चालेल असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण दमट दिवसांत तेवढं थांबू नका. शेवेचे कण, भाताची शितं आणि ओल एकत्र आली की झुरळांना आमंत्रणच. धुता येणारा फिल्टर जुलैत दोन दिवस वाळत नाही, आणि ओला बसवला की वास मारतो; म्हणून जोडीचा एक फिल्टर आधीच घेऊन ठेवा. समोर टॉवरचं किंवा मेट्रोचं बांधकाम असेल तर सिमेंटची बारीक धूळ फिल्टरवर पापुद्र्यासारखी बसते. तो दर आठवड्याला गॅलरीबाहेर न झटकता कचऱ्याच्या डब्यात ठोकून साफ करायचा. खालच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे असतात.

पिशवी टाकण्याआधी एकदा चाचपून बघायची सवय ठेवा. काळे मणी, कानातल्याची फिरकी, नाकातली चमकी, सगळं तिथे सापडतं.

आकड्यांना भुलू नका

सक्शन, म्हणजे हवा ओढायचा जोर, पास्कल या दाबाच्या मापात लिहितात. चार हजार, दहा हजार, वीस हजार. वाढता आकडा म्हणजे वाढती किंमत. हा दाब यंत्राचं हवा ओढायचं तोंड बंद करून मोजलेला असतो. प्रत्यक्ष लादीवर किती हवा वाहते आणि ब्रश कसा आहे यावर कचरा उचलणं ठरतं. जाड गालिचातून धूळ काढायची असेल तर मोठा आकडा लागतो. आपल्या घरात टाइल्स आणि एखादं पायपुसणं. चार-पाच हजार पुष्कळ झाले. बॅटरीचंही तसंच, भल्यामोठ्या बंगल्यांसाठी केलेली बॅटरी आपल्या घरात अर्धीही संपत नाही. गालिचा दिसला की फडकं वर उचलणं वगैरे युक्त्यांनाही आपल्याकडे फारसं काम नाही.

पैसे ब्रशवर घाला. घरात लांब केसांच्या दोघी-तिघी असतील तर रोलर ब्रशच्या टोकाशी, जिथे तो खोबणीत बसतो, तिथे केसांची घट्ट अंगठी तयार होते. वरून दिसत नाही. ब्रश काढून टोकाची टोपी उपसावी लागते आणि मग ब्लेडने कापून ती सोडवावी लागते. केस न गुंतणारा ब्रश म्हणून मिळतो त्यात हा त्रास कमी होतो, संपत नाही. दुकानात ब्रश काढून बघा, टोपी हाताने निघते का ते बघा.

जमिनीवरची वस्तू ओळखून बाजूने जाणं हा गुण मात्र आपल्या घरांत कामाचा. चार्जरच्या वायरी, मुलांचे मोजे, खेळण्यांची चाकं. स्वस्त रोबो वायर गिळतो आणि तिच्यासकट मोबाइल खाली ओढतो. वस्तू ओळखायला काही यंत्रं प्रकाशाच्या रेषा वापरतात, काही कॅमेरा. कॅमेरा असेल तर एक विचार करा. २०२२ च्या शेवटी एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या अमेरिकन मासिकाने उघड केलं होतं की चाचणीसाठी दिलेल्या आयरोबोट कंपनीच्या रूम्बा रोबोंनी टिपलेले घरातले फोटो, त्यात शौचालयात बसलेल्या बाईचाही, इंटरनेटवरच्या गटांत फिरले. २०२४ मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्स कंपनीचे काही रोबो परक्या लोकांनी ताब्यात घेतले आणि त्यांच्या स्पीकरवरून घरच्यांना शिव्या ऐकवल्या. घाबरवायला सांगत नाही. एकाच खोलीत कपडे बदलणं, झोपणं, सगळं होत असेल तर मी लायडार आणि प्रकाशरेषांचा रोबो घेईन, कॅमेऱ्याचा नाही.

ॲपशिवाय यंत्र कितपत चालतं हेही विचारा. असेच रोबो बनवणारी नीटो नावाची कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. सर्व्हर पाच वर्षं चालू ठेवू असं सांगितलं होतं, पण ते त्याआधीच बंद केले आणि यंत्रांचं ॲप गेलं. २००२ मध्ये रूम्बा बाजारात आणणाऱ्या आयरोबोटनेही डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. यंत्रावरचं बटण दाबून केर काढता आला पाहिजे. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर ते बटणच चालणार आहे.

पैसे आणि सर्व्हिस

लायडार आणि साधं ओढतं फडकं असलेला रोबो १५ ते २५ हजारांत येतो. कचरा ओढणारं स्टेशन घेतलं की २५ ते ४० हजार. फडकी धुणारं, वाळवणारं पूर्ण स्टेशन पन्नासच्या आसपास सुरू होऊन लाखाच्या पुढे जातं. दिवाळी, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सेलमध्ये खाली येतं. घाई नसेल तर थांबा. किमतीत वर्षाच्या पिशव्या, फडकी, फिल्टर आणि साइड ब्रश धरा, आणि त्या वस्तू आज मिळतायत का ते ऑनलाइन बघून मगच यंत्र ठरवा. सुटे भाग मिळत नसतील तर यंत्र कितीही चांगलं असो, मी हात लावत नाही.

सर्व्हिस सेंटर मुंबई-ठाण्यात आहे का, की यंत्र दुसऱ्या शहरात पाठवावं लागतं? माणूस घरी येतो का? स्टेशनला वॉरंटी आहे की फक्त रोबोला? तिन्ही उत्तरं लेखी घ्या. दादरच्या एका ग्राहकाचं यंत्र पाठवलेलं गेलं ते दीड महिन्याने आलं, तेही दुसऱ्याच कुणाचं फडकं लावून.

अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवू नका. तिथलं स्टेशन ११० ते १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. थेट लावलंत तर जळेल, आणि भारतात वॉरंटीही चालायची नाही.

डेमोच्या दिवशी

डेमोला माणूस येईल तेव्हा घरकामाच्या मावशींच्या वेळेतच बोलवा. मी बघतो, साहेब ॲप डाउनलोड करण्यात मग्न असतात आणि स्टेशन रोज हाताळणार असतात त्या मावशी आत भांडी घासत असतात. हिंदू कॉलनीतल्या एका घरी मी मावशींनाच पुढे बसवलं. त्यांनी टाकी दोनदा काढून लावली, तळ ओढून पाहिला आणि विचारलं, "याची पिशवी ओल्या कचऱ्यात टाकायची का सुक्या?" साहेबांना हा प्रश्न सुचला नसता. सुक्यात टाकायची. बाथरूम, जिना, पंखे, खिडक्यांचे गज हे सगळं त्यांच्याकडेच राहतं, त्यामुळे रोबो आला म्हणून त्यांचं काम जात नाही; लादीचा वेळ बाथरूमला मिळतो. पगार कापायचा विषय काढणार असाल तर आधी आठवा, मळकं पाणी कोण ओतणार ठरलं होतं ते.

वायफायचं नाव आणि पासवर्ड हाताशी ठेवा. राउटर साधारण दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर वायफाय देतो, २.४ आणि पाच गिगाहर्ट्झ; बरेच रोबो फक्त २.४ वर जोडले जातात. राउटरवर दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर फोन दुसऱ्या बँडवर असतो आणि जोडणी होता होत नाही. तेवढ्यापुरता पाच गिगाहर्ट्झचा बँड बंद करा. पहिली फेरी नकाशाची. तेव्हा सगळी दारं उघडी, जमिनीवर काही नाही, आणि कुणी त्याच्या मागे-पुढे फिरायचं नाही, नाहीतर नकाशात तुमचे पाय खांब म्हणून येतात. पिशवीत कचरा ओढण्याचा आवाज मोठा असतो, दहा-पंधरा सेकंदांचाच, पण तान्हं बाळ दचकतं. ती वेळ ॲपमध्ये ठरवून ठेवा.

डाळ, दूध, तेल सांडलं तर आधी कपड्याने टिपा, मग रोबो. केर ओढायच्या भागात पाणी गेलं तर वॉरंटी गेली.

खोका फेकू नका. सर्व्हिसला पाठवताना त्यातल्या थर्माकोलच्या साच्याशिवाय कुरिअरवाला स्टेशन घेत नाही. बिल, सिरियल नंबरचा फोटो आणि खोका, वॉरंटी संपेपर्यंत तिन्ही जपा. खोका माळ्यावर मावत नसेल तर पलंगाखाली सरकवा, फक्त त्या भागावर ॲपमध्ये एक मनाईचा चौकोन आखून घ्या.